राखाडी म्हणजे मोकळा

आधी काकू, मग बाकीचं.

काकू म्हणजे आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणाऱ्या, कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या, राजापूरकडच्या, रिटायरमेंटला टेकलेल्या बाई. त्यांचं नाव इथं लिहिणार नाही. लिहिलं तर म्हणतील, "मेले, माझी जाहिरात कशाला केलीस?" मी आज स्टिअरिंगवर बसते ती त्यांच्यामुळं. हे त्यांच्या तोंडावर बोललं की त्या खिडकीबाहेर बघतात आणि विचारतात, "टायरात हवा आहे ना गो?" म्हणून लिहून ठेवते. कागदाला त्यांना टायराकडं वळवता येणार नाही.

मी हिंगोलीकडची. आठवी झाली आणि शाळा संपली. म्हणजे माझी संपली, शाळा अजून तिथंच आहे. नववीसाठी शेजारच्या गावाला जावं लागायचं, आणि पोरीला रोज इतक्या लांब पाठवायचं कसं, याचं उत्तर घरात कुणालाच सुचलं नाही. तीच पोरगी आता रोज गाडीभर बायका घेऊन थेरगावातून महाळुंग्याला जाते. गावाकडं फोनवर हे सांगितलं की सगळे विचारतात, "आन् मालक काय म्हणतेत?" मालक म्हणजे माझा नवरा. तो एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशिनीवर शिफ्ट करतो आणि घरी आल्यावर झोपतो. तो काही म्हणत नाही.

गाडीच्या आधी मी डांगे चौकाजवळ एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. तिथं कुणीतरी सांगितलं, बायकांना फुकटात ड्रायव्हिंग शिकवतात. गेले. शिकले. लायसन मिळालं त्या दिवशी ते उशाशी घेऊन झोपले, आणि सकाळी उठून पहिलं काम काय केलं, तर पोळ्या लाटल्या. कारण लायसन असलेल्या बाईला गाडी देणारा माणूस भेटायला पुढं बराच काळ गेला.

तो भेटला महाळुंग्यात. आम्ही त्यांना शेठ म्हणतो. जुन्या घरचे. जमीन कंपन्यांना गेली, मग त्याच कंपन्यांची माणसं ने-आण करायचं कंत्राट त्यांनी घेतलं. जिथं वडलांचं बाजरीचं रान होतं तिथं आता त्यांच्या गाड्या उभ्या असतात, आणि त्या जागेला सगळे यार्ड म्हणतात. एका कंपनीनं अट घातली की बायकांच्या गाडीला बाई ड्रायव्हर पाहिजे. शेठना कंत्राट पाहिजे होतं. मला लाटणं सोडायचं होतं. असं जमलं.

"पण ताई, दिवाळीपर्यंत ट्रायल," शेठ म्हणाले. "टायमात गेटवर पोचलात तर पर्मनंट. नाहीतर तुमचं लाटणं काय कुठं पळून जात नाही."

पहिल्या दिवशी डांगे चौकात गाडी लावली तर बायका जवळ येईनात. एक जण आत डोकावून म्हणाली, "ड्रायव्हर कुठं गेला?" मी म्हटलं, मीच. तिनं मागच्या दोघींकडं बघितलं. त्या दोघींनी बसस्टॉपकडं बघितलं. तेवढ्यात काकू आल्या, पुढचं दार उघडून थेट बसल्या आणि पर्समधून आलेपाकाची वडी काढली.

"मला गाडी लागते, म्हणून पुढंच बसणार. तू चालवणार?"

"हो."

"येतं का?"

"लायसन आहे."

"लायसन माझ्या भाच्याकडंही आहे. दोनदा गटारात गेला. चल, सुरू कर."

काकू बसल्या म्हणून बाकीच्या बसल्या. त्यातल्या कुणी आजवर कबूल केलेलं नाही. त्या दिवशी मी हँडब्रेक इतक्या वेळा तपासला की काकू शेवटी म्हणाल्या, "सोड त्याला. तो आहे तिथंच आहे."

आता डब्याचं सांगते.

गणपती झाले आणि शेठनी माझ्या गाडीत डबा बसवला. पिंपरीत त्यांच्या मेव्हण्याचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. तिथं हा रस्ता दाखवणारा डबा बरीच वर्षं काचेच्या कपाटात पडून होता, कारण रस्ता दाखवणारा फोन सगळ्यांच्याच खिशात आहे. मेव्हण्याचं कपाट मोकळं झालं आणि शेठची टेक्नॉलॉजी झाली. डबा रबरी वाटीनं समोरच्या काचेला चिकटायचा. त्याची वायर खाली सिगारेट लायटरच्या भोकात जायची, आणि त्या वायरला मध्येच सुपारीएवढी गाठ होती. मेव्हण्यानं ती गाठ दोन बोटांत धरून मला दाखवली.

"हा रिसीव्हर. लाइव्ह ट्रॅफिक. पुढं कुठं गर्दी आहे त्याची बातमी हवेतून पकडतो. रेडिओच समजा."

डब्याच्या कोपऱ्यात गाडीचं एक बारकं चित्र होतं. हिरवं झालं तर रस्ता मोकळा, पिवळं झालं तर थोडी गर्दी, लाल झालं तर बोंब. एवढं मला समजलं. आठवीपर्यंत रंग शिकवून झालेले असतात.

मी शेठना विचारलं, "बाकीच्या गाड्यांना नाही का बसवणार?"

"ती पोरं आहेत ताई. त्यांना रस्ता माहितीये. तुम्ही बाईमाणूस."

यार्डातली पोरं हसली. त्यातला एक आदल्याच आठवड्यात नवी कंपनी शोधत शोधत तळेगावात पोचला होता, पण तो पोरगा होता म्हणून ते फिरणं झालं. मी केलं असतं तर चुकणं झालं असतं.

डब्यातून एक बाई हिंदीत बोलायची. "आगे से दाएँ मुड़िए." आवाज गोड, पण दम दिल्यासारखा. काकूंचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ती म्हणाली "यू-टर्न लीजिए" की काकू म्हणायच्या, "तू घे. आम्हांला कामावर जायचंय."

ड्रायव्हरनं फोनवर नकाशा बघायचा नाही, हा कंपनीचा सेफ्टीचा नियम. म्हणून डबा ऑफिशियल. हा शब्द ट्रान्सपोर्टच्या साहेबांचा. साहेब कंपनीच्या ऑफिसात बसायचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, शर्टाला इस्त्री अशी की घडीनं भाजी चिरावी. त्यांना डबा फार आवडला. त्यांनी गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला सांगून ठेवलं की गाडी उशिरा आली तर आत वाकून चित्राचा रंग बघायचा. लाल असेल तर रस्त्यामुळं उशीर. लाल नसेल तर ड्रायव्हरमुळं.

मला हा नियम तेव्हा चांगला वाटला. माझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुणीतरी आहे, असं वाटलं. आणि दसऱ्यापर्यंत त्यानं साक्ष दिलीही. तळवड्याला अडकलो की चित्र लाल व्हायचं, गेटवर सिक्युरिटीवाला वाकायचा, "लाल!" असं ओरडायचा आणि दांडी वर करायचा. एखाद्याला ताप आहे असं सांगावं तसा ओरडायचा.

मग दसरा आला.

खंडेनवमीला यार्डात सगळ्या गाड्या धुऊन ओळीत लावतात. झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, टायराखाली लिंबू. पूजा शेठच्या आई करतात. त्यांना सगळे मोठ्याई म्हणतात. नऊवारी, हातात काठी, आणि काठी टेकायला कमी, दाखवायला जास्त. त्या वर्षी त्यांच्या डोक्यातून निघालं की प्रत्येक गाडीत देवीची तसबीर पाहिजे, दिव्यासकट. पाट्याएवढी नाही, तळहाताएवढी; पण भोवती लाल, हिरवे, पिवळे दिवे, लुकलुक करणारे. त्याचीही वायर लायटरच्या भोकात.

माझ्या गाडीत त्या भोकात आधीच डबा बसलेला. यार्डातला एक ड्रायव्हर पुढं आला, "काय राव, एवढ्यावर अडलं का?" म्हणून त्यानं दोन तोंडांची पिन आणली. एका तोंडात डबा, दुसऱ्यात देवी. मोठ्याईंनी तसबिरीला कुंकू लावलं, मग डब्याला लावलं, मग वायर चाचपत खाली आल्या आणि त्या सुपारीएवढ्या गाठीलाही लावलं.

"ह्यो काय हाय?"

"रिसीव्हर हाय आई," शेठ म्हणाले. "हवेतनं बातमी धरतो."

"मंग त्येला बी नमस्कार कर," मोठ्याई मला म्हणाल्या. "आन् दिवा इझवायचा न्हाई बरं का पोरी. दिवाळीपोत्तर दिवा चालू पायजे. मी फाटकात बघनार."

मी डब्याला, देवीला आणि गाठीला नमस्कार केला. ज्याच्यावर आपली नोकरी आहे त्याला नमस्कार करायला मला कधी लाज वाटली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून चित्र राखाडी झालं.

लाल नाही, पिवळं नाही, हिरवं नाही. चुलीतल्या राखेसारखं. मी घाबरले. संध्याकाळी यार्डात विचारलं. एकानं पान थुंकून सांगितलं, "राखाडी म्हणजे मोकळा." दुसरा म्हणाला, "मोकळ्याला हिरवा असतो की भावा." त्यावर पहिला म्हणाला, "हिरवा म्हणजे साधा मोकळा. राखाडी म्हणजे इतका मोकळा, की रंग लावायची गरजच न्हाई." सगळ्यांना ते पटलं. शेठना विचारलं तर त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा म्हणाला, राखाडी म्हणजे नॉर्मल. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "ग्रे म्हणजे नो इश्यू." इतकी शिकलेली, न शिकलेली, पान खाणारी आणि न खाणारी माणसं एकाच गोष्टीवर एकमतानं बोलताना मी पहिल्यांदाच बघितली. मग मी कोण, नाही म्हणणारी?

फक्त रस्त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

महाळुंग्याला जायचे रस्ते दोन. एक मोशीवरून, एक तळवड्यावरून. दोन्हीकडं सकाळी कंटेनर, कंपन्यांच्या बस, ट्रॉल्या आणि त्यांच्या फटींतून सरपटणारे टू-व्हीलरवाले. डब्याला आता सगळंच मोकळं दिसायचं, म्हणून तो रोज जवळचा रस्ता सांगायचा, तळवड्याचा. "सीधे जाइए," बाई गोड आवाजात म्हणायची, आणि समोर कंटेनरच्या मागच्या दाराशिवाय काही दिसत नसायचं. काकू म्हणायच्या, "सीधं कुठं जाऊ गो? त्याच्या पोटात?"

मागं बसलेल्या बायकांच्या फोनवर तोच रस्ता लालभडक दिसायचा. त्या मला दाखवायच्या. एकीनं गेटवर साहेबांनाही दाखवला. साहेब म्हणाले, "मॅडम, फोनचं नको. प्रत्येकाच्या फोनवर वेगळं दिसतं. सिस्टीमचं बोला." मग सिक्युरिटीवाला आत वाकला. "राखाडी!" साहेबांनी मान हलवली आणि माझ्याकडं बघितलं. तसंच बघायचे आमच्याकडचे गुरुजी, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोराकडं.

बायकांचे हाफ-डे लागायला लागले. त्यांचं चुकत नव्हतं, तरी त्या माझ्याशी कमी बोलायला लागल्या. गाडीत बसताना "गुड मॉर्निंग"चं नुसतं "हं" झालं. मी रात्री झोपेत ब्रेक दाबायची. नवरा म्हणायचा, पाय मारू नको. पोळी-भाजी केंद्राच्या मालकीणबाई भाजीबाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "काय गं, जमतंय ना? जागा ठेवलीये तुझी." त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं. मला त्या लाटण्याचा आवाज तिथंच ऐकू आला.

दिवाळी जवळ आली आणि शेठचा फोन. "ताई, सोमवारी साहेब स्वतः गाडीत बसणारेत. ऑडिट. बघू म्हणाले, नेमका प्रॉब्लेम कुठं आहे." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे गाडीत आहे की…" आणि वाक्य तिथंच सोडलं. त्या सोडलेल्या जागेत मीच होते.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी खड्डा आला.

तळवड्याच्या पुढं, पुलाच्या अलीकडं. कंटेनरच्या मागं असल्यामुळं दिसला नाही. गाडी दाणकन आदळली, मागून "आई गं" झालं, काकूंची आलेपाकाची डबी खाली पडली, आणि देवीचा दिवा बंद झाला. दोन तोंडांच्या पिनेतून दिव्याची वायर निखळली होती. मी लगेच हात खाली घातला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. पूल आलाय."

"काकू, दिवा…"

"देवी कुठं जात नाही. आपणही जात नाही आहोत. बघ समोर."

गाडी मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होती. पूल निम्मा झाला असेल. डबा टुणकन वाजला. कोपऱ्यातलं चित्र पिवळं झालं आणि लगेच लाल. बाई म्हणाली, "आगे भारी यातायात है." इतक्या दिवसांनी तिनं खरं काहीतरी सांगितलं होतं. मागच्या बायका पुढं वाकल्या.

काकूंनी दिव्याची पिन उचलली आणि परत घुसवली. लुकलुक सुरू झाली. चित्र थोडा वेळ लाल राहिलं आणि मग राखाडी झालं. काकूंनी पिन काढली. बराच वेळ काही नाही, आणि मग लाल. परत घातली. राखाडी.

"हात् तुझ्या," काकू म्हणाल्या. "आमच्या घरी मिक्सर लावला की रेडिओ अस्साच खरखरतो. गाणं लागलं की सासूबाई ओरडायच्या, चटणी थांबव. हवेतली बातमी ह्या लुकलुकीत बुडते गो. राखाडी म्हणजे मोकळा नव्हे. राखाडी म्हणजे ह्याला काहीच ऐकू येत नाही."

आता कुणाला वाटेल, झालं, प्रश्न सुटला. पिन काढायची आणि जायचं. ज्याला वाटेल त्यानं मोठ्याईंना बघितलेलं नाही. रोज सकाळी गाडी यार्डातून निघताना त्या फाटकात उभ्या असायच्या आणि काठीनं काचेवर टकटक करून दिवा दाखव म्हणायच्या. फाटकाबाहेर आल्यावर मी काढू शकत होते. पण मग कुणी सांगितलं तर? ट्रायलवरची बाई, त्यातून परमुलखातली, म्हणते की तुमच्या देवीच्या दिव्यामुळं माझी गाडी उशिरा पोचते. मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं. मनातसुद्धा मला कुणी कामावर ठेवलं नाही.

"मी सांगणार नाही," मी काकूंना म्हटलं. "तुम्हीपण नका सांगू. हात जोडते."

"हात स्टिअरिंगवर," काकू म्हणाल्या.

सोमवार आला. मोठ्याईंनी टकटक केली, मी दिवा दाखवला. शेठनी स्वतः येऊन पिन दाबून घट्ट बसवली आणि वर चिकटपट्टी मारली. "साहेब बसणारेत. काही पडायला नको." साहेब डांगे चौकात लॅपटॉपची बॅग घेऊन उभे होते. त्यांनी पुढचं दार उघडलं. काकू तिथं आधीच बसलेल्या.

"मॅडम, मला जरा डिव्हाइस बघायचंय."

"मधल्या सीटवरून दिसतं," काकू म्हणाल्या. "मला गाडी लागते. तुमच्या शर्टावर झालं तर चालेल का?"

साहेब मध्ये बसले. शर्ट खरंच छान होता.

चिंचवड, निगडी बरं गेलं. तळवड्याला रोजच्यासारखे थांबलो. पुढं कंटेनर, डावीकडं कंपनीची बस, उजवीकडं विटांची ट्रॉली, आणि पुढं काय ते देवालाच माहीत. साहेब दोन सीटांच्या मधून डोकं काढून डब्याकडं बघत होते.

"ग्रे दाखवतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो साहेब."

"म्हणजे क्लिअर आहे."

"हो साहेब."

"मग आपण थांबलोय का?"

बाजूच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. एक शेळी दोन गाड्यांच्या मधून निवांत रस्ता ओलांडून गेली. साहेब डब्याकडंच बघत होते. "तुम्ही गॅप ठेवताय का जास्त? लेन चेंज का करत नाही? सिस्टीम सीधे म्हणतीये." मी सीधे बघितलं. सीधे कंटेनरचं दार होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहिलेलं.

"मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "रस्ता क्लिअर, व्हेइकल ओके. मग राहिलं काय?"

मी आरशात बघितलं. मागच्या बायका मांडीवरच्या डब्यांकडं बघत होत्या. दिव्याचं सांगून टाकावं असं वाटलं. पण डोळ्यांसमोर फाटकातली काठी आली.

काकूंनी आलेपाकाची डबी पर्समध्ये ठेवली. खाली वाकल्या, नखानं चिकटपट्टी खरवडली, आणि देवीच्या दिव्याची पिन उपटून काढली.

"अहो मॅडम, हे काय…"

"माझ्या डोळ्यांना त्रास होतो. गप्प बसा जरा वेळ."

साहेबांना गप्प बसा म्हणणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. डबा राखाडीच. थोडा वेळ गेला. राखाडीच. माझ्या मनात आलं, आजच ह्याचं कायमचं बिघडलं असणार. काकूंनी हात जोडून तसबिरीकडं बघितलं आणि पुटपुटल्या, "माफ कर गो आई, पाच मिनिटं."

टुणकन वाजलं. चित्र लाल झालं. मग समोरचा अख्खा रस्ता, पूल, त्याच्या पुढचा चौक, सगळं लाल होत गेलं. "आगे भारी यातायात है," बाई म्हणाली.

"अरे!" साहेब सीटवर सरळ झाले. "जॅम आहे! आत्ता कळलं."

"आत्ता?" काकू म्हणाल्या. "अहो, खिडकीतून बघायचं होतंत की. काच तर धुतलेली आहे."

मागची एक बाई फसकन हसली, तिला बघून दुसरी. साहेबांचे कान डब्यातल्या चित्राच्या रंगाचे झाले. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी पिन हातात घेतली, काकूंनी मिक्सर आणि रेडिओचं समजावलं, त्यांनी घालून बघितली, काढून बघितली. मग म्हणाले, "इंटरफिअरन्स." आणि त्या एका शब्दानं काकूंचा मिक्सर त्यांचा झाला. रिपोर्टात तोच शब्द गेला.

रिपोर्टाचं भागलं. राहिल्या मोठ्याई. संध्याकाळी गाडीत बसताना काकू म्हणाल्या, "मला यार्डात ने." त्यांचं घर थेरगावात, यार्ड महाळुंग्यात; म्हणजे शिफ्ट सुटल्यावर बाकीच्या बायकांना खोळंबत ठेवून त्या माझ्यासोबत आल्या. मोठ्याई फाटकात होत्याच. शेठ मागं, पोरं त्यांच्या मागं. काठी वर झाली.

"दिवा कुनी इझवला?"

मी "मी" म्हणणार तोवर काकू खाली उतरल्या. "मी. हिचा काही संबंध नाही. मला गाडी लागते आणि ती लुकलुक बघून जास्त लागते. पाप माझ्या नावावर घाला."

मोठ्याईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. दोघी साधारण एकाच उंचीच्या.

"द्येवाच्या दिव्यानं गाडी लागती व्हय?"

"आई, तुम्ही देवघरात समई लावता ना? ती लुकलुकते का? शांत असते. हा दिवा लग्नाच्या मांडवातला. देवीला त्या जॅममध्ये तासभर असं डोळे मिचकावत बसवायचं म्हणजे…"

मोठ्याई गाडीत डोकावल्या, तसबिरीकडं बघितलं, आणि शेठना म्हणाल्या, "ह्ये मला कुनी आदी का न्हाई सांगितलं? गाडी हुबी आसली की दिवा लावायचा. चालाय लागली की इझवायचा. तिला बी कटाळा येत आसंल ट्रॅफिकात." आणि मला म्हणाल्या, "पोरी, तू कशापायी भ्यालीस? मी काय खाते का?"

यार्डातली पोरं एकेक करून गाड्यांच्या मागं सरकली.

शेठनी मला पर्मनंट केलं. करताना म्हणाले, "टेक्नॉलॉजीनं वाचवलं बघा ताई तुम्हांला." मी हो म्हटलं. माझ्या तोंडाला, बायकांच्या तोंडाला, त्यांच्या फोनला आणि खिडकीबाहेरच्या कंटेनरला जे सिद्ध करता आलं नाही, ते बोटाच्या पेराएवढ्या लाल चित्रानं केलं. तेव्हापासून डब्याला रोज पुसते. तो अजून काम करतो. म्हणजे आम्ही अडकलो की तो सांगतो, तुम्ही अडकला आहात. दुसरा रस्ता विचारला तर मोशीचा दाखवतो, तोही लाल. गेटवर सिक्युरिटीवाला वाकतो, "लाल!" ओरडतो, दांडी वर जाते. उशीर तेवढाच होतो, फक्त आता तो माझा नसतो.

काकू येत्या उन्हाळ्यात रिटायर होतात. राजापूरला जाऊन राहणार म्हणतात. तिकडच्या घाटाचं नाव काढलं तरी त्यांच्या हातात आलेपाक येतो. आजवर एकाही ड्रायव्हरनं त्यांना तो घाट उलटी न होता उतरवलेला नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की त्यात काहीतरी मागणं असावं. म्हणून इथं लिहून ठेवते. कधीतरी माझी स्वतःची गाडी होईल. शेठची नाही, बँकेची का असेना. काकू, तेव्हा मी डांगे चौकातून नाही, तुमच्या दारातून तुम्हांला पुढच्या सीटवर बसवून घाट चढवीन आणि उतरवीन, इतक्या हळू की आलेपाकाची डबी उघडायची वेळ येणार नाही. डबा लावणार नाही, त्या बाईला बोलू देणार नाही. तुम्ही खुशाल खिडकीबाहेर बघा आणि सगळ्या वळणांवर विचारा, ब्रेक लागतो ना गो.